मेन पाडला म्हणजे करंट गेला, असं नाही



भात कापून झाला. आता काळूच्या काठाला भेंडी, काकडी, मिरचीचे पंप सुरू होतील. पावसाळाभर बंद असलेली स्टार्टरची पेटी उघडली की आत ओल, मुंग्या, उंदराने कुरतडलेल्या वायरी. मग मेन पाडून आपणच स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतो. म्हणून आज खत-फवारणी बाजूला ठेवून पेटीबद्दल बोलतो.

माझं मत स्पष्ट आहे. मेन पाडणं ही अर्धीच खबरदारी. आत साठलेला करंट उतरवणं आणि तो परत येणार नाही याची सोय करणं, ही उरलेली अर्धी. ती आपण सोडून देतो.

पेटीतला कॅपॅसिटर म्हणजे विजेची टाकी. पंप बंद केला तरी टाकी भरलेली राहू शकते. सिंगल फेजला सव्वातीनशे व्होल्टपर्यंत, थ्री फेजला सहाशेच्या आसपास. चांगल्या थ्री फेज कॅपॅसिटरला हा करंट उतरवणारा रेझिस्टर असतो, पण तो जळालेला असेल तर बाहेरून दिसत नाही. साधा टेस्टर इथे भरवशाचा नाही. तो पेटला नाही म्हणून हात घालू नका.

याचा अर्थ कॅपॅसिटर काढून टाका असा नाही. महावितरण सांगतं, कॅपॅसिटर बसवा आणि ऑटो स्विच काढा. दोन्ही बरोबर आहे. लाइट गेलेली असताना तुम्ही विहिरीवर मोटर खोलून बसलात आणि लाइट आली, तर ऑटो स्विच तुम्हाला विचारत नाही.

पेटी उघडण्याआधी एवढं करा:

१. मेन पाडा. फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. घरच्यांना सांगा.
२. किमान ५ मिनिटं थांबा.
३. मल्टीमीटरने एसी आणि डीसी दोन्ही तपासा.
४. चार्ज दिसला तर वायरमनला बोलवा. तो बल्ब लावून उतरवेल. एलईडी चालत नाही, जुना पिवळा बल्ब लागतो. थ्री फेजला दोन, एकापुढे एक जोडून.
५. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढणं बंद. हात भाजतो, डोळ्यात ठिणगी जाते.

सौर पंप असेल तर दिवसा पॅनल बंद होतच नाही. ऊन आहे तोवर वायरीत काहीशे व्होल्ट डीसी असतात आणि कंट्रोलरमध्येही चार्ज राहतो. तो उघडू नका, पुरवठादाराला बोलवा.

आणि डीपीवर चढायचं नाही. एबी स्विच ओढला तरी एखादं पातं चिकटून राहू शकतं. खालून कुणाच्या जनरेटरचा करंट उलटा गेला, तर ट्रान्सफॉर्मर त्याचेच हजारो व्होल्ट करून वर पाठवतो. म्हणूनच लाइनमन आधी परमिट घेतो आणि तारेला अर्थिंग करतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही हेच आहे: हात लावण्याआधी तार किंवा यंत्र अर्थ करून डिस्चार्ज करा आणि काम चालू असताना ते पुन्हा चार्ज होणार नाही हे बघा. पलीकडे पडघ्याला चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर आलेली ५०० केव्हीची डीसी लाइन उतरते. तिथले शिकलेले इंजिनिअरही लाइन बंद आहे एवढ्यावर हात लावत नाहीत. मग आपण कशाच्या भरवशावर लावतो?

उत्तर एकच येतं: पीक सुकेल. हा प्रश्न मात्र माझ्या कामाचा आहे. या थंडीत, आपल्या भारी जमिनीत लागलेली भेंडी-मिरची दोन दिवस पाण्यावाचून मरत नाही. वालाला तर भाताची ओलच पुरते. नवीन रोपं असतील तर शेजाऱ्याच्या पंपाचं पाणी घ्या, नाहीतर तांब्याने घाला. रोपं पुन्हा मिळतात.

एका डीपीवरच्या आठ-दहा जणांनी मिळून एक मल्टीमीटर घ्यावा आणि एक लायसनवाला वायरमन ठरवावा. वाटून घेतला तर खर्च एका फवारणीपेक्षा कमी येतो.

डीपी, तार, खांबाची तक्रार १९१२ वर करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. हा मेसेज पेटी उघडणाऱ्या तुमच्या मुलालाही वाचायला द्या.