जुन्या मोटारीचा दुसरा हप्ता

घरात मोटारगाडी असणे हे आता केवळ चैनीचे लक्षण राहिलेले नाही. वृद्ध आईवडिलांना दवाखान्यात न्यावे लागते, सणावाराला गावी जायचे असते, बदलीच्या नोकरीत सामानसुमान हलवावे लागते. नवी गाडी आवाक्याबाहेर असली म्हणजे पुष्कळ कुटुंबे वापरलेली गाडी पाहू लागतात. आणि त्यातही उंच बांध्याची, ऐसपैस दिसणारी ‘क्रॉसओव्हर’ मनात भरते. अशी गाडी घेण्यास हरकत कसलीच नाही. मात्र वाचकांनी एक गोष्ट मनाशी पक्की बांधावी: विक्रेत्याच्या हाती पडते तो किमतीचा पहिला हप्ता होय. दुसरा हप्ता पहिल्याच वर्षी गॅरेजमध्ये द्यावा लागतो. तो ज्याने आधी मोजला नाही, त्याला मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशांत हात घालण्याची पाळी येते.

प्रथम या गाडीची जात ओळखावी. दिसायला ती जीपसारखी असली, तरी तिला जीपसारखी वेगळी, जाडजूड चासी नसते. मोटारीप्रमाणेच तिचा सांगाडा आणि पत्रा एकजीव असतो आणि बहुतेकींची फक्त पुढची चाके ओढतात. जमिनीपासूनची उंची दोनशे मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे चालवणारा खड्ड्यांची पर्वा करीत नाही, आणि त्याचा भार सोसतात ते चाकांजवळचे रबरी बुश, लिंक रॉड, शॉकअब आणि बेअरिंगे. खडबडीत रस्त्यावर काचा वर करून, रेडिओ बंद ठेवून गाडी हळू चालवावी. खालून खडखड ऐकू आली तर बहुधा यांतलेच काही झिजलेले असते. हा खर्च सहसा काही हजारांत आटोपतो. चारही शॉकअब बदलायचे झाल्यास मात्र तो त्याच्या कित्येक पट होतो.

खरी धास्ती इंजिनाच्या टायमिंग बेल्टची. काही इंजिनांत ही कामगिरी साखळी करते, काहींत दातेरी पट्टा. पट्टा ठरावीक किलोमीटरांनंतर किंवा ठरावीक वर्षांनंतर, जे आधी घडेल तेव्हा, बदलावा लागतो. तो चालत्या इंजिनात तुटला, तर बहुतेक आधुनिक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, आणि काही हजारांचे काम लाखाच्या घरात जाऊन पोचते. २०१३ साली भारतात आलेल्या फोर्ड इकोस्पोर्टचेच उदाहरण घ्या. तिच्या एक लिटर टर्बो पेट्रोल इंजिनातील हा पट्टा तेलात बुडालेला असतो. तेल वेळेवर न बदलल्यास किंवा चुकीच्या प्रतीचे घातल्यास पट्ट्याचे कण सुटतात, तेलाची जाळी तुंबते आणि इंजिन कोरडे पडते. म्हणून या गाडीच्या बाबतीत मागील मालकाने तेल कधी व कोणते घातले, याच्या पावत्या पाहिल्याखेरीज सौदा करू नये. शिवाय या कंपनीने भारतातील मोटारींचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय २०२१ साली जाहीर केला. अशी बंद झालेली गाडी घेण्यापूर्वी तिचे सुटे भाग आपल्या गावी किती दिवसांत मिळतात, हे दुकानात जाऊन विचारावे.

गिअरबॉक्सची परीक्षा चढावर होते. हातगिअरच्या गाडीत इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लचप्लेट संपत आली असे समजावे. दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गाडीत, गर्दीत हळूहळू पुढे सरकताना थरथर जाणवते काय, हे पाहावे. तिची दुरुस्ती साध्या क्लचपेक्षा फारच महाग पडते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सहा डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळून टाकण्यास लांबची, सलग धाव लागते. रोज शाळा आणि बाजार एवढ्याच फेऱ्या असतील तर ती तुंबते. अशा कुटुंबाने डिझेलच्या मोहात न पडता पेट्रोल गाडी घ्यावी, हेच किफायतशीर.

गाडी पाहावयास सकाळी, इंजिन थंड असताना जावे. सुरू होताच निळसर धूर आला तर तेल जळते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर कूलंट आत शिरत असण्याचा संभव असतो. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्यावर चिखलाची रेघ आढळल्यास गाडी पुरात बुडालेली असू शकते. टायरवरचे चार आकडे वाचावेत: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि पॅडलचे रबर मात्र गुळगुळीत, असे दिसले तर मीटरवर विश्वास ठेवू नये. शेवटी आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून, विक्रेत्याच्या नव्हे, गाडी वर उचलून तपासून घ्यावी. त्याची मजुरी वाया जात नाही.

आता हिशेब मांडू. पाच लाखांची सात-आठ वर्षांची गाडी आहे असे धरा. चार टायर २८,०००, क्लच १५,०००, टायमिंग बेल्ट व पाण्याचा पंप १२,०००, बुश, लिंक रॉड व अलाइनमेंट ८,०००, बॅटरी ६,०००, तेले, फिल्टर व ब्रेक पॅड ९,०००. एकूण ७८,००० रुपये, म्हणजे किमतीच्या सुमारे सोळा टक्के. गावपरत्वे व गाडीपरत्वे आकडे बदलतील, आणि प्रत्येक गाडीला ही सारीच कामे एकदम निघतील असेही नाही. पण कागदावर ही यादी असावी. जी कामे निघाली ती विक्रेत्यापुढे ठेवून तेवढी किंमत कमी करून घ्यावी. दुरुस्तीनंतर पक्के बिल मागावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के कर आहे. तो वाचविण्यासाठी बिल सोडले, तर भागाची हमीही सुटते.

आपल्याजवळ पाच लाख असतील, तर सव्वाचार लाखांपर्यंतचीच गाडी पाहावी, आणि उरलेली रक्कम निराळ्या खात्यात ठेवावी. वर्ष संपताना ती शिल्लक राहिली तर आनंदच आहे. न राहिली, तरी घरातील दुसऱ्या कोणत्याही गरजेला हात लागलेला नसेल.