मेसच्या मागच्या दारातला काळू

अमरावतीत शिकत असताना मी ज्या वसतिगृहात राहायचो, त्याच्या मेसच्या मागच्या दारात एक काळा कुत्रा बसलेला असायचा. सगळे त्याला काळू म्हणत. दुसऱ्या वर्षी माझे दोन विषय राहिले. बाळापूरला घरी काहीच सांगितले नव्हते. अब्बा फोनवर विचारायचे, "पेपर कैसे गये?" मी म्हणायचो, "अच्छे गये." पुढे बोलणे संपायचे, कारण दुकानात गिऱ्हाईक असायचे. रात्री जेवण जायचे नाही. ताटातली पोळी उचलून मी मागे जायचो आणि काळूजवळ बसायचो.

कुत्र्याला हात लावायचा नाही, हे मी लहानपणापासून ऐकलेले. महिनाभर लावला नाही, मग एका रात्री लावला. त्याने हात चाटला. मी हात सात वेळा धुतले, कपडे बदलले आणि इशाची नमाज पढलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौकीदार काका एकदा म्हणाले, "काहून रे बाप्पा, रोज त्या कुत्र्यापाशीच काय बसतं? पोरायपाशी बसत जाय ना." मला उत्तर देता आले नाही. पोरांपाशी बसले की पोरं विचारायची, काय झालं. काळू विचारायचा नाही.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे एका वाचक मुलीचा प्रश्न. ती अमरावतीत मुलींच्या वसतिगृहात राहते. तिने विचारले, "परदेशातल्या कॉलेजांत परीक्षेच्या वेळी मुलांचा ताण कमी करायला कुत्रे आणतात. उद्या आमच्या होस्टेलमध्ये आणले तर आम्ही काय करायचं? नमाजचं काय?" प्रश्न तिने हसत विचारला असेल, पण मला तो गंभीर वाटतो.

आधी ही गोष्ट नेमकी काय आहे ते पाहू. बोरिस लेव्हिन्सन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्याच्याकडे येणारी, कोणाशीच न बोलणारी मुले त्याच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याजवळ मोकळी होतात, हे त्याने पाहिले आणि १९६२ मध्ये त्यावर लिहिले. लोक तेव्हा हसले. २०११ मध्ये येल विद्यापीठाच्या कायदा शाखेच्या ग्रंथालयाने माँटी नावाचा कुत्रा विद्यार्थ्यांना पुस्तकासारखा अर्ध्या तासासाठी द्यायला सुरुवात केली. आता अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत परीक्षेच्या आठवड्यात असे कुत्रे येतात.

याचा उपयोग होतो का? वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये २४९ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना दहा मिनिटे प्राण्यांना कुरवाळू दिले, काहींना नुसते बघू दिले, काहींना फक्त फोटो दाखवले, काहींना रांगेत थांबवले. मग लाळेतले कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, मोजले. ज्यांनी प्राण्यांना हात लावला त्यांच्यात ते सर्वांत कमी निघाले. एवढेच. दहा मिनिटांनी डिप्रेशन बरे होते, असे त्या अभ्यासात कुठेही नाही, आणि तसे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

आपल्याकडेही हे अगदीच नवे नाही. मुंबईची अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन ही संस्था बरीच वर्षे हे काम करते आहे. २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर प्रवाशांसाठी असे कुत्रे आणले गेले. हे रस्त्यावरचे कुत्रे नसतात. स्वभाव तपासून, शिकवून, लस देऊन, नखे कापून ते आणले जातात, आणि त्यांचा सांभाळणारा माणूस पूर्ण वेळ सोबत असतो. कुत्राही थकतो, म्हणून त्याचे काम थोडाच वेळ चालते. वऱ्हाडात वसतिगृहांसाठी असे काही सुरू झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पण व्हायला हरकत काय? अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. प्राण्यांचे डॉक्टर आणि मनाचे डॉक्टर एकाच शहरात आहेत. त्यांनी एकत्र बसायचे तेवढे बाकी आहे.

आता नमाजचा प्रश्न. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. पण आपल्यातले बरेच जण "कुत्रा म्हणजे हराम" एवढ्यावरच थांबतात, आणि ते फिक्हचेही म्हणणे नाही. वऱ्हाडातले आपण बहुतेक हनफी. हनफी मतानुसार कुत्र्याची लाळ नापाक, पण कोरड्या अंगाला हात लागला म्हणून वुजू तुटत नाही. मालिकी मत कुत्र्याला मुळात पाकच मानते. शाफई मत सर्वांत कडक, आणि आपले कोकणी भाऊबंद शाफई आहेत. घरात कुत्रा पाळण्याबद्दलची नापसंती हदीसमध्ये आहेच, पण शिकार, गुरे आणि शेत राखणाऱ्या कुत्र्याला तिथेच सूटही आहे. गुहेत झोपलेल्या तरुणांसोबत त्यांचा कुत्राही होता, हे सूरह कहफ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तहानलेल्या कुत्र्याला बुटातून पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाली, ही हदीस तर आपण मदरशात लहानपणीच ऐकतो. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या लेस्टर शहरात एका अंध मुस्लिम विद्यार्थ्याला त्याचा वाटाड्या कुत्रा मशिदीच्या आवारात आणायची परवानगी मिळाली. त्यासाठी तिथल्या शरिया कौन्सिलने फतवा दिला. गरज खरी असली की उलेमा वाट काढतात.

तरीही त्या मुलीला नको वाटत असेल तर तिला मागासलेली ठरवायचा हक्क कोणालाही नाही. मुळात कुत्र्याची भीती फक्त मुसलमानांना नसते. दिवेलागणीला स्टँडवरून खोलीकडे चालत येणाऱ्या कोणत्याही मुलीला विचारा. म्हणून कुत्रा आणायचाच तर तो वेगळ्या खोलीत, ठरलेल्या वेळी, दारावर पाटी लावून. मुली जिथे झोपतात, जेवतात, नमाज पढतात त्या मजल्यावर नको. ज्याला यायचे तो येईल. आणि एक गंमत सांगतो. वॉशिंग्टनच्या त्या अभ्यासात कुत्र्यांबरोबर मांजरीही होत्या. मांजरीबद्दल तर आपल्याकडे वादच नाही. ज्यांची हदीस आपण सर्वांत जास्त ऐकतो त्या अबू हुरैरा यांचे नावच मांजरीवरून पडले. अकोल्याच्या आपल्या कुठल्याही मोहल्ल्यात घरटी एक मांजर निघेल. सुरुवात तिच्यापासून करा ना.

मला काळजी वेगळीच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, आणि सर्वांत जास्त, १,७६४, आपल्या महाराष्ट्रात. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सांगितले की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. हेल्पलाइनचे नंबर वसतिगृहात ठळक अक्षरांत लावायला हवेत. टेलि-मानसचा नंबर १४४१६ आहे, फोनला पैसे पडत नाहीत. आता तुमच्या वसतिगृहात जाऊन बघा: तो नंबर भिंतीवर आहे का? समुपदेशकाची खोली आहे का, की तिथे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत? भीती ही आहे की उद्या एखादी संस्था १० ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनाला, एक गोंडस कुत्रा आणेल, पेपरात फोटो येईल, आणि समुपदेशकाची जागा रिकामीच राहील. कुत्रा हा समुपदेशकाला पर्याय नाही. दोघांपैकी एकच मिळणार असेल तर मी डोळे झाकून माणूस मागेन.

मग कुत्र्याची, मांजरीची गरजच काय? गरज आहे, कारण समुपदेशकाच्या दारावर पाटी असते आणि ती पाटी आपली पोरं लांबूनच वाचून परत फिरतात. आत जाताना कोणी पाहिले तर? मुलीचे नाते जुळवताना "तिला काहीतरी होतं" असे कोणी बोलले तर? मोहल्ल्यात कोणी म्हणते ईमान कमजोर झाले, कोणी तावीज सुचवते. दुआला माझा विरोध नाही, मीही मागतो. पण टायफॉइड झाला तर आपण दुआ करतो आणि डॉक्टरकडेही जातो. मनाच्या बाबतीत दुसरी पायरीच गाळतो. प्राणी असलेल्या खोलीत जायला कारण द्यावे लागत नाही. मांजर बघायला आलो, झाले. तिथेच बाजूला समुपदेशक बसलेली असेल, आठवड्यातून दोनदा तोच चेहरा दिसत असेल, तर तिसऱ्या आठवड्यात एखादा मुलगा बोलेल. वसतिगृहांनी एवढी एक खोली द्यावी आणि वॉर्डनने तिथे हजेरी घेऊ नये, एवढीच मागणी आहे. अर्ज द्यायला विद्यार्थी तयार असतील तर मसुदा आम्ही मराठी आणि उर्दूत करून देऊ.

मधल्या काळात त्याच सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा-कॉलेजे, दवाखाने, बसस्टँड अशा जागांतून भटके कुत्रे हलवायचा आदेश दिला. म्हणजे नियमाने आता काळूला मेसच्या दारात जागा नाही. वाचून वाईट वाटले, पण लहान मुलांना चावे होतात हेही खरे. काळू कोणाला चावल्याचे मला आठवत नाही. अर्थात प्रत्येक कुत्र्याच्या बाजूने कोणीतरी हेच सांगत असते.

माझा त्या वेळचा रूममेट तिसऱ्या वर्षाला आलाच नाही. पातूरचा होता. सुट्टीला गेला, सामान न्यायला त्याचा भाऊ आला. आम्ही दोन वर्षे एका खोलीत, दोन खाटांमध्ये हातभर अंतर ठेवून झोपलो आणि त्याचेही विषय राहिलेत हे मला माहीत नव्हते. बऱ्याच वर्षांनी तो अकोल्याच्या स्टँडवर भेटला. चहा घेताना काळूचा विषय निघाला. मी म्हणालो, मी रोज इशानंतर त्याच्याकडे जायचो.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी फजरनंतर जायचो. सकाळी त्याला कधी भूकच नसायची."