जळक्या वाळूचा हिशेब

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत मिळून तीनशेच्या आसपास फाउंड्र्या आहेत. उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांपासून वाढलेला हा धंदा आज ट्रॅक्टर, ट्रक आणि पंपांच्या कास्टिंगवर चालतो. पुणे-चाकणचे वाहन कारखाने हे त्याचं मोठं गिऱ्हाईक. गाडी किती कमी धूर सोडते, याचा जाहिरातीत गवगवा होतो. तिच्या कास्टिंगसाठी वापरलेली, जळून काळी पडलेली वाळू मात्र कोल्हापुरातच राहते.

साच्याच्या वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची पूड असते, कोअरच्या वाळूत रेझिन. त्यावर सुमारे १,४०० अंश तापलेला रस ओतला की वाळूच्या कणांवर जळका थर बसतो. काही फेऱ्यांनंतर ती वाळू टाकून द्यावी लागते, आणि मग कुठल्यातरी ओढ्याकाठी, रस्त्याकडेला ढीग लागतात. वाळू तापवून, घासून तो थर काढता येतो. पण ही यंत्रणा एकट्या छोट्या फाउंड्रीला झेपत नाही, म्हणून कोल्हापूरच्या फाउंड्री क्लस्टरने सरकारी योजनेच्या मदतीने सामाईक प्रकल्प उभारला. एकमेकांचे दर पाडणारे कारखानदार वाळूपुरते एकत्र आले, ही साधी गोष्ट नाही. गिऱ्हाईक कंपन्या या मांडवात कुठे दिसतात?

कागदावर त्यांना ओढण्याचा प्रयत्न शेअर बाजाराची नियामक ‘सेबी’ने केला होता. सर्वांत मोठ्या अडीचशे सूचीबद्ध कंपन्यांनी पुरवठादारांचंही पाणी, ऊर्जा आणि कचरा मोजावा, असं २०२३ मध्ये ठरलं. एकूण खरेदी-विक्रीतला ७५ टक्के व्यवहार ज्यांच्याशी होतो, ते सगळे त्यात येणार होते. मार्च २०२५ मध्ये चाळणी बदलली: ज्याचा एकट्याचा वाटा २ टक्के किंवा जास्त, तेवढाच मोजायचा, आणि तोही ऐच्छिक. वर्षाला ५०,००० कोटींची खरेदी करणाऱ्या कंपनीत दोन टक्के म्हणजे १,००० कोटी. एका गिऱ्हाइकाकडून एवढं काम मिळणारी फाउंड्री कोल्हापुरात कुठून आणायची? लहान उद्योगांवरचा कागदांचा बोजा कमी झाला, हे खरंच. पण बोजाबरोबर वाळूही हिशेबातून गेली.

प्रश्नावल्या तरीही येतात. विजेची युनिटं किती, कचरा किती, सौरऊर्जा किती? त्या पाठवणारं खातं आणि दरवर्षी दरात कपात मागणारं खरेदी खातं एकाच इमारतीत बसतं. दोघांची गाठ पडत असावी असं मात्र वाटत नाही.

खरं तर फाउंड्रीतली बरीच उधळपट्टी ड्रॉइंगवरच ठरते. कास्टिंगला कुठे जाडी, कुठे वळण, हे गिऱ्हाइकाचा डिझाइन विभाग ठरवतो. अवघड आकारामुळे रिजेक्शन वाढलं की तोच माल पुन्हा भट्टीत जातो, आणि वीज दोनदा जळते. ड्रॉइंग पक्कं होण्याआधी फाउंड्रीच्या मेथड इंजिनिअरला बोलावलं तर यातलं बरंच टळेल. त्यासाठी ना सौर पॅनेल लागतात, ना सल्लागार.

दुसरा मुद्दा पैशाचा. सूक्ष्म-लघू उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावं, असं २००६ चा कायदा सांगतो. २०२३-२४ पासून आयकरातही त्याची मेख मारली गेली: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा होत नाही. बिलं अडकलेला कारखानदार वाळूच्या यंत्रात पैसे घालणार कुठून?

खेळाचे बूट-कपडे विकणाऱ्या ‘पुमा’ने २०१६ मध्ये ‘बीएनपी पारिबा’ बँकेबरोबर वेगळी वाट काढली. पर्यावरण आणि कामगारांच्या निकषांवर ज्या पुरवठादाराला चांगले गुण, त्याला बिलावरची आगाऊ रक्कम स्वस्त दराने. आपल्याकडे त्याचा अर्धा सांगाडा तयार आहे. ‘ट्रेड्स’ या ऑनलाइन व्यवस्थेवर बँका लहान उद्योगांची बिलं आधीच वटवतात, आणि व्याजदर मोठ्या गिऱ्हाइकाच्या पतीवर ठरतो. वाळू क्लस्टरकडे पाठवल्याची पावती दाखवणाऱ्या फाउंड्रीला त्यावर अर्धा-पाऊण टक्का सूट द्यायची, आणि तो फरक वाहन कंपनीने सोसायचा. तिच्या वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत छपाईपेक्षा तो फार महाग पडू नये.