सुरुवातीपासून वाचू नकोस!

परवा रात्री पुण्याहून भाच्याचा फोन आला. नोकरीला लागून त्याला वर्ष होत आलंय, हातात चार पैसे खेळू लागलेत. म्हणाला, "मामा, सुपरहिरोंचे सगळे सिनेमे बघून झाले. आता मूळ कॉमिक्स वाचायची आहेत. सुपरमॅनचा अगदी पहिला खंड मागवतोय, १९३८चा. तिथून एकेक करत पुढे येतो."

मी म्हटलं, "थांब रे बाबा! ऑर्डर द्यायच्या आधी दोन दिवस दे मला."

वाचकहो, हे दोन दिवस मी भलत्याच विचारात घालवले. पोरगं पैसे घालणार, वेळ घालणार. ऐंशी वर्षांहून जास्त काळाचा ढीग आहे, आणि त्यातला बराचसा, खरं सांगायचं तर, रद्दी आहे. चुकीच्या टोकाने शिरला तर तिसऱ्या खंडाला कंटाळेल आणि 'मामाच्या पिढीचं काहीतरी खूळ' म्हणून कायमचं सोडून देईल. अशी माणसं मी पाहिली आहेत. तेव्हा ही यादी त्याच्यासाठी. तुमच्यापैकी कुणाला उपयोगी पडली तर आनंदच आहे.

आधी माझी पात्रता सांगतो. माझ्या वयाच्या अनेकांसारखं माझं या विषयातलं शिक्षण इंद्रजाल कॉमिक्समध्ये झालं. १९६४ साली निघालेली आणि १९९०मध्ये बंद पडलेली ही मालिका मराठीतही मिळायची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आईची मिरच्या-कोकमांची घासाघीस संपेपर्यंत मी जुन्या अंकांच्या गठ्ठ्यापाशी उकिडवा बसलेला असायचो. त्यात मांड्रेक होता, बहादूर होता. पण राजा एकच, वेताळ! ली फॉकने १९३६ साली निर्माण केलेला फँटम. मराठीत त्याला वेताळ हे नाव ज्याने दिलं, त्याला माझा दंडवत. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे वेताळ हा ग्रामदेव आहे, आमोण्याला आहे, लोलयेला आहे. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या वहाणा वाहतात, अशी श्रद्धा. आणि कॉमिकमधल्या फँटमची उपाधी काय, तर चालतंफिरतं भूत! आम्हा पोरांना तो परका वाटणं शक्यच नव्हतं.

तर आता मुद्द्यावर येऊ. निवड करायची कशी? सर्वसाधारणपणे लोक तीन चुका करतात. पहिली, जे सर्वांत आधीचं ते वाचायचं. दुसरी, जे सर्वांत महाग किंवा गाजलेलं ते वाचायचं. तिसरी, एका हिरोला धरून त्याचं सगळं वाचायचं.

पहिली चूक भाचा करणारच होता. १९३८ सालचा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक हा इतिहास आहे, हे मान्य. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला आणि त्याचे हक्क १३० डॉलरला विकले, ही हकीकत मात्र त्या अंकातल्या गोष्टीपेक्षा जास्त चटका लावणारी आहे. गोष्ट स्वतः धावतपळत सांगितलेली आहे. अभ्यासकाने वाचावी, नवख्याने नव्हे.

दुसऱ्या चुकीचं उदाहरण म्हणजे १९९२चा सुपरमॅनचा मृत्यू. काळ्या पिशवीत बंद केलेला अंक लोकांनी रांगा लावून घेतला, उद्या भाव चढेल म्हणून पिशवी न फोडता ठेवून दिला. कथा काय? एक राक्षस येतो, मारामारी होते, दोघेही मरतात. पुढच्याच वर्षी सुपरमॅन परत! ज्या मरणाला प्रकाशकच गंभीरपणे घेत नाही, ते आपण का घ्यावं?

तिसरी चूक सर्वांत सूक्ष्म. आपण म्हणतो 'मला बॅटमॅन आवडतो'. पण बॅटमॅन ही एका माणसाची कृती नाही. शेकडो हात लागलेली ती वस्तू आहे. चांगल्या मालिका हिरोच्या नावाने ओळखू नयेत, एका लेखकाने आणि एका चित्रकाराने सलग केलेल्या कामाने ओळखाव्यात. नाटक बघायला जाताना आपण विचारतो ना, प्रयोग कुणाचा? तसंच हे.

म्हणून माझ्या कसोट्या दोनच. एक, लेखक आणि चित्रकार यांची जोडी पुरेसा काळ टिकलेली असावी. दोन, घडलेल्या गोष्टीची किंमत कुणाला तरी मोजावी लागलेली असावी. या चाळणीतून काढलेली यादी अशी.

पहिला मान स्पायडरमॅनचा. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको या जोडीचे पहिले अडतीस अंक. इथे मात्र सुरुवातीपासून वाच, कारण हा मुलगा खरोखर मोठा होत जातो. त्यातला तेहतिसावा अंक मला विशेष प्रिय. पीटर अवजड यंत्राखाली दबलेला, वरून पाणी गळतंय, मे काकूंचा जीव वाचवणारं औषध समोर पडलेलं पण हात पोचत नाही. डिटकोने पानामागून पान फक्त एक मुलगा ओझं उचलतोय एवढंच दाखवलं आहे. चौकटी मोठ्या होत जातात, आणि आपणही श्वास रोखून धरतो. ज्याने कधी घरच्या आजारपणात पैशांची जुळवाजुळव केली असेल, त्याला हे ओझं कसलं ते सांगावं लागत नाही.

दुसरी 'फँटॅस्टिक फोर'. गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, १९६१ला सुरू झाली. ली आणि जॅक कर्बी यांनी तिचे एकशे दोन अंक मिळून केले. पण सगळे वाचायची गरज नाही. चव्वेचाळीस ते साठ एवढे वाच. ग्रह गिळणारा गॅलॅक्टस यातच येतो. त्याचा दूत सिल्व्हर सर्फर कर्बीने कुणाला न विचारताच चित्रात घालून दिला होता. लीला तो पानांवरच भेटला. चित्रकार हा निव्वळ हुकुमाचा ताबेदार नसतो, हे यातून कळतं.

तिसरी 'एक्स-मेन'. पण १९६३ची नव्हे. ती इतकी रखडली की १९७०नंतर काही वर्षं नुसत्या जुन्या कथाच पुन्हा छापत होते. १९७५मध्ये ती नव्याने उभी राहिली. ख्रिस क्लेअरमाँटचे चौऱ्याण्णवपासून एकशे त्रेचाळीसपर्यंतचे अंक घे; त्यातले बरेचसे जॉन बर्नने काढलेले. १९८०मध्ये जीन ग्रे शक्तीच्या कैफात एक अख्खी सूर्यमाला नष्ट करते, अब्जावधी जीव जातात. तिने जिवंत राहावं असं लेखकाने ठरवलं होतं, पण एवढ्या संहारानंतर शिक्षा नाही म्हणजे काय, असं संपादक जिम शूटर अडून बसले आणि शेवट बदलला. संपादकाने लेखकापेक्षा शहाणपणा दाखवल्याची उदाहरणं थोडी. हे त्यातलं एक! पुढे १९८६मध्ये जीनला परत आणलं. ते तू वाचू नकोस. कुठे थांबायचं हे ठरवणं हासुद्धा निवडीचाच भाग.

चौथी, 'बॅटमॅन : इयर वन'. फ्रँक मिलर आणि डेव्हिड माझुकेली, १९८७, अंक अवघे चार. पाचवी, ॲलन मूरने १९८४पासून लिहिलेली 'स्वॅम्प थिंग'. स्वतःला माणूस समजणाऱ्या दलदलीतल्या प्राण्याला कळतं की तो माणूस कधी नव्हताच. जिला कुणी विचारत नव्हतं अशा मालिकेत मूरने हे केलं.

आणि 'वॉचमेन'? ती शेवटी. इथे पुष्कळजण माझ्याशी भांडतील, कारण नवख्याच्या हातात आधी हेच पुस्तक देण्याची रीत पडली आहे. पण 'वॉचमेन' हे या सगळ्या परंपरेवरचं टीकाभाष्य आहे. मूळ ग्रंथ न वाचता टीका वाचली तर टीकाकार हुशार वाटतो, एवढंच.

यादी संपली. भाच्याला पाठवली. तासाभरात त्याचा उलट प्रश्न, "मामा, तुझा वेताळ कुठाय यात?"

खरं सांगतो, याच प्रश्नाला मी भीत होतो. आफ्रिकेच्या जंगलात एक गोरा माणूस कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसतो, एकवीस पिढ्या हेच चाललंय, आणि भोवतालचे लोक त्याला मान तुकवतात. लहानपणी यात मला काहीच खटकलं नाही. साडेचारशे वर्षं पोर्तुगिजांची सत्ता सोसलेल्या भूमीतला मुलगा मी, तरी नाही खटकलं! मग त्याच 'फँटॅस्टिक फोर'चा बावन्नावा अंक वाचला. १९६६चा. आफ्रिकेचंच जंगल, पण राजा तिथलाच, काळा, आणि त्याच्याकडची यंत्रं पाहून पाहुणे तोंडात बोटं घालतात. ब्लॅक पँथर. फँटमनंतर तीस वर्षांनी कुणीतरी ते जंगल त्याच्या मालकाला परत केलं होतं.

भाच्याला लिहिलं, वेताळ यादीत नाही. तू ब्लॅक पँथर वाच. वेताळ कॉमिक म्हणून माझ्याच कसोट्यांवर उतरत नाही; कथेत काहीही झालं तरी पुढच्या अंकी तो पुन्हा तसाच गुहेत बसलेला असतो.

माझे इंद्रजालचे अंक घराच्या दुरुस्तीच्या वेळी रद्दीत गेले. पुढे बरेचसे पुन्हा मिळवले, दुप्पट-चौपट मोजून. आता ते कपाटात खालच्या कप्प्यात आहेत. चतुर्थीला घरी आलास की दाखवीन. फक्त वाचताना मला विचारू नकोस, मामा यात चांगलं काय आहे म्हणून.