करंगळीचा कौल

परवा भाच्याचा फोन आला. पहिलीच नोकरी, प्रोग्रामिंगची. "मामा, ईमॅक्स शिकू की विम? की आपला व्हीएस कोडच बरा?" म्हटलं, लिहूनच काढतो, म्हणजे आपण फोनवर तासभर काय बोलतो ते ताईलाही कळेल!

मी बारा वर्षं ईमॅक्सवाला होतो. कट्टर. कोड, मेल, घरखर्चाचा हिशेब, सगळं त्यातच. पण तिथे उठसूट कंट्रोल दाबावं लागतं आणि तो भार पडतो बिचाऱ्या डाव्या करंगळीवर. चाळिशीत ती ठणकायला लागली. मग एके दिवशी सकाळी शर्टाचं बटण लावता येईना. कॅप्स लॉकचं कंट्रोल करून पाहिलं, थोडं बरं वाटलं. थोडंच. हात गेले तर खायचं काय, हा विचार तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आला.

नाइलाजाने विमकडे गेलो. पहिले पंधरा दिवस नुसतं रडवलं त्याने. (त्यातून बाहेर कसं पडायचं, हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांवर वेळा पाहिला गेला होता, म्हणजे मी एकटा नव्हतो!) बाण सोडून h, j, k, l ने का फिरायचं? तर बिल जॉयने १९७६ च्या सुमारास व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर, आणि त्याच्या कीबोर्डवर बाण त्याच अक्षरांवर छापलेले होते. एस्केपही आजच्या टॅबच्या जागी, हाताशी. हे कळलं आणि राग गेला. आता माझं कॅप्स लॉक एस्केपचं काम करतं, आणि करंगळी गप्प आहे.

तेव्हा बाळा, व्हीएस कोड खुशाल वापर, छान आहे. पण कंपनीच्या एडिटरवर फार जीव लावू नकोस. ॲटम २०१४ त आला, लोकांनी डोक्यावर घेतला, १५ डिसेंबर २०२२ ला बंद. विम लिहिणारे ब्रॅम मूलेनार २०२३ त गेले, तरी विम चालू आहे. शिवाय रात्री दोनला सर्व्हर कोसळला की तिथे तुझा सजवलेला एडिटर नसतो, बहुधा व्हीआयच असतो. तेवढ्यापुरता तरी शीक.

ईमॅक्स? अजून आहे मशीनवर. हिशेब त्यातच ठेवतो. करंगळीला सांगू नकोस.