मेगापिक्सेलचे मृगजळ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे शहरातून एखादी 'आधुनिक' वस्तू आणायची झाली की ते काम माझ्याकडे येते. गेल्या दिवाळीत असेच एक काम आले : कॅमेरा आणायचा.

तुम्ही म्हणाल, हातोहाती मोबाईल असताना ही हौस कशाला? त्याचे उत्तर आमच्या विहिरीत आहे. दादाचा मोबाईल तीत पडला आणि आजीचे सगळे फोटो त्याच्याबरोबर बुडाले. पुढच्याच आठवड्यात आजी गेली. भिंतीवर लावायला उरला तो आधारकार्डावरचा फोटो. स्टुडिओत तो मोठा करून घेतला. पण त्या ताणलेल्या, पुसट चेहऱ्यात आजी कुठे दिसते? वडील त्याला हार घालतात आणि मान वळवतात. दादाचा नवा मोबाईल दिवसभर त्याच्या खिशात गावोगाव फिरतो. तेव्हा घरातच राहील आणि आईलाही वापरता येईल असा एक छोटा, साधा कॅमेरा घ्यावा, असे ठरले.

'कमवा व शिका' योजनेतून साठलेले सहा हजार रुपये घेऊन मी दुकानात गेले. दुकानदाराचा जप एकच : "ताई, वीस मेगापिक्सेल आहे!" एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके, ठिपके जितके जास्त तितका फोटो चांगला, असा त्याचा हिशेब. मी भुललेच होते. संध्याकाळी वडिलांना फोनवर सांगितले. ते चौथी शिकलेले. म्हणाले, "एका गुंठ्यात दुप्पट रोपं लावली म्हणून दुप्पट पीक येतं का गं?"

मला वाटते, या एका वाक्यात निम्मे शास्त्र आले. सेन्सर म्हणजे रान, ठिपके म्हणजे रोपे आणि प्रकाश म्हणजे पाणी. स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातला सेन्सर सुमारे 6 मिलिमीटर लांब व साडेचार मिलिमीटर रुंद. करंगळीच्या नखाहून लहान. त्यावर वीस मेगापिक्सेल दाटीवाटीने बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश थोडाच येतो. उन्हात ते खपून जाते. एका दिव्याच्या स्वयंपाकघरात मात्र फोटोवर रंगीत कण माजतात. कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. कॅननच्या 2008 सालच्या जी-10 कॅमेऱ्यात 14.7 मेगापिक्सेल होते. 2009 च्या जी-11 मध्ये तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर ते 10 वर आणले, ते अंधुक उजेडातले फोटो सुधारावेत म्हणूनच.

शिवाय आपल्याला लागतात किती? 6 बाय 4 इंचांच्या फोटोला, इंचाला 300 ठिपके धरले तरी, 1800 गुणिले 1200, म्हणजे 21 लाख 60 हजार ठिपके पुरतात. सव्वादोन मेगापिक्सेलही नाहीत!

म्हणून माझे मत असे, की कॅमेरा निवडताना आधी आपल्या घरातला उजेड पाहावा, मग खोक्यावरचा आकडा. सेन्सर जरा मोठा आहे का? भिंगाचा एफ-आकडा लहान, म्हणजे भिंगाचे तोंड मोठे आहे का? झूम भिंगाचा आहे की नुसता 'डिजिटल'? हा दुसरा प्रकार फोटो कापून ताणतो. आजीच्या फोटोचे झाले तसेच. जुना कॅमेरा घ्यायचा तर बॅटरी फुगलेली नाही ना आणि भिंग न अडखळता बाहेर येते ना, हेही पाहावे. आणि मुख्य म्हणजे फोटो कागदावर काढण्यापुरते पैसे राखून ठेवावेत. विहिरीत कॅमेराही पडू शकतो!

मी दहा मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा पाच हजारांना घेतला आणि उरलेल्या हजारातून फोटो काढून आणले. पहिला फोटो चुलीपाशी बसलेल्या आईचा. तो हातात धरून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझं हात एवढं रापल्यात व्हय गं?"

रोज त्या हातांची भाकरी खाणाऱ्या मलाही ते तेव्हाच दिसले.