कॅसेट बदला, खेळ बदला!

दोस्तांनो, आज एक काम करा. आई-बाबा लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम खेळले असतील, तर त्यांना एवढंच विचारा, "कॅसेट चालली नाही की तुम्ही काय करायचात?" बघा, चेहरा कसा खुलतो! कॅसेट बाहेर काढायची, तिच्या तोंडात फूऽऽ करून फुंकर मारायची आणि पुन्हा खाचेत दाबून बसवायची. (खरं तर फुंकरीचा काही उपयोग नव्हता. काढून पुन्हा बसवली म्हणूनच ती चालायची. उलट तोंडातल्या वाफेने आतल्या धातूच्या पट्ट्या खराब व्हायच्या. पण हे त्यांना आज सांगू नका हं!)

ही कॅसेट ज्यांच्यामुळे आली, त्यांचं नाव मात्र आई-बाबांनाही बहुधा ठाऊक नसेल. जेरी लॉसन.

जेरीचा जन्म १ डिसेंबर १९४० चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. घरची परिस्थिती बेताचीच. वडील गोदीत काम करायचे, पण त्यांना विज्ञानाचं भारी वेड. आई मुलाच्या शाळेबाबत इतकी दक्ष, की ती तिथल्या पालक संघाची अध्यक्ष झाली. जेरी पहिलीत असताना बाईंनी त्याच्या बाकाजवळ एक चित्र लावलं होतं. कुणाचं माहीत आहे? जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं! हो, वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मधले तेच कार्व्हर. तूही असा होऊ शकतोस, असं बाईंनी त्या काळ्या मुलाला सांगितलं. ते लॉसन म्हातारपणापर्यंत विसरले नाहीत.

कुमारवयातच पठ्ठ्याने घरात स्वतःचं हौशी रेडिओ केंद्र थाटलं. लोकांचे बिघडलेले टीव्ही दुरुस्त करून तो पैसे मिळवू लागला. कॉलेजात गेला, पण पदवी काही घेतली नाही. पुढे १९७० मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'फेअरचाइल्ड' या चिप बनवणाऱ्या कंपनीत त्यांना नोकरी लागली.

आता त्या वेळचे व्हिडिओ गेम कसे होते ते पाहू. १९७५ च्या नाताळात अमेरिकेत 'पाँग' नावाचा टेनिससारखा खेळ घरच्या टीव्हीवर आला. मजा यायची, पण खेळ यंत्राच्या जोडणीतच पक्का बसवलेला. कंटाळा आला तर नवं यंत्र घ्या! त्याआधीच्या, १९७२ च्या 'ओडिसी'त बदलायची कार्डं होती; पण त्यांत खेळ साठवलेला नव्हता. कार्ड फक्त आतल्या तारांची जोडणी बदलायचं.

फेअरचाइल्डने लॉसन यांच्यावर नव्या यंत्राचं काम सोपवलं. खेळ वेगळ्या डबीत ठेवण्याची मूळ कल्पना 'अल्पेक्स' नावाच्या छोट्या कंपनीतल्या दोघांची होती, हेही सांगायला हवं. पण प्रयोगाच्या टेबलावर चालणारी वस्तू आणि लहान मुलांच्या हातात टिकणारी वस्तू यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तो फरक लॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरून काढला.

त्यांनी यंत्रात मायक्रोप्रोसेसर बसवला आणि खेळ कॅसेटमधल्या स्मृती-चिपमध्ये ठेवला. म्हणजे स्वयंपाकी तोच, फक्त त्याच्या हातातली पाककृतीची चिठ्ठी बदलायची!

पण अडचणी काय कमी होत्या? कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे उचलतो ना? ती स्थिर वीज. बोटातून तिची ठिणगी गेली तर चिप कायमची निकामी होऊ शकते. शिवाय मुलं कॅसेट शेकडो वेळा काढणार, घालणार, कशीही खुपसणार. असं यंत्र तोवर कुणी बनवलंच नव्हतं, तर विचारणार कुणाला? त्यात सरकारी नियम कडक. यंत्रातून निघणाऱ्या लहरींनी शेजाऱ्याच्या रेडिओत खरखर झालेली चालायची नाही. म्हणून आतला भाग ॲल्युमिनियमने झाकावा लागला आणि प्रत्येक नवी कॅसेट तपासून घ्यावी लागली. लहानपणी रेडिओ केंद्र चालवणाऱ्या माणसापुढे हे कोडं यावं, ही गंमतच!

नोव्हेंबर १९७६ मध्ये 'चॅनेल एफ' बाजारात आलं. सोबत पिवळ्या कॅसेट. खेळ मध्येच थांबवायचं बटणही त्यात होतं. जेवायला हाक आली की तुम्ही 'पॉज' करता ना, तेच. पण १९७७ मध्ये अटारीनेही कॅसेटवालं यंत्र काढलं आणि ते तुफान खपलं. चॅनेल एफ मागे पडलं, आणि त्याबरोबर लॉसन यांचं नावही. सहा फूट सहा इंच उंचीचा हा माणूस प्रत्यक्ष भेटला की काही जण चक्क दचकायचे. त्यांचं काम ऐकून माहीत असायचं, पण ते काळे असतील असं त्यांना वाटलेलंच नसायचं.

शेवटी मार्च २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गेम बनवणाऱ्यांच्या संघटनेने त्यांचा सत्कार केला. मधुमेहाने तोवर एक पाय आणि एका डोळ्याची दृष्टी नेली होती. सत्काराला जेमतेम महिना झाला, आणि ९ एप्रिलला ते गेले. १ डिसेंबर २०२२ रोजी, त्यांच्या वाढदिवशी, गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांच्या नावाचे खेळ ठेवले. ते खेळायचेच नाहीत, तर मुलांनी स्वतः रचायचेही होते!

माळ्यावर जुनी कॅसेट सापडली तर आई-बाबांना विचारून तिचे स्क्रू काढून बघा. (फक्त कॅसेटचे हं, विजेच्या यंत्राचे नाही!) आत छोटीशी पाटी, तिच्यावर काळी चिप नाहीतर काळा ठिपका आणि काठाला चकचकीत पट्ट्या दिसतील. आणि हो, आत हात घालण्याआधी धातूच्या नळाला बोट लावून या. का, ते आता तुम्हीच आई-बाबांना सांगा.